सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाड्या: दहा गाड्यांत धंदा बसतो का?

इंद्रायणी_टूर्स

पुण्यातून पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाड्या चालवतो, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर मिळेना, मिळाला तर टिकेना, म्हणून काही धंदा सेल्फ-ड्राइव्हवर न्यायचा विचार चालू आहे. सुरुवातीला दहा गाड्या: सहा-सात हॅचबॅक, बाकी छोट्या एसयूव्ही.

५० गाड्या असल्याशिवाय परवाना मिळत नाही म्हणतात, ते खरं का? मग पांढऱ्या पाटीच्या गाड्या गल्लोगल्ली भाड्याने जातात त्या कशा? अ‍ॅपवर हॅचबॅक दिवसाला दीड-दोन हजारांत दिसते. त्या दरात हप्ता, विमा, देखभाल भागून काही उरतं का? गाडी देता-घेताना काय तपासायचं आणि वाद कशावरून पेटतो? आणि मोठ्या कंपनीपुढे दहा गाड्यांवाल्याने उभं राहायचं कसं?

"करा हो, जमेल" किंवा "या फंदात पडू नका" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. आकडे आणि कारणं हवीत.

परवानावही

५० ची अट खरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली केंद्राने १९८९ साली रेंट-अ-कॅब योजना काढली, सगळं तिच्यावर उभं आहे. परवानाधारकाकडे किमान ५० मोटर कॅब हव्यात, त्यातल्या निम्म्या तरी वातानुकूलित, आणि सगळ्यांना अखिल भारतीय पर्यटक परवाना. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. दुचाकींसाठी १९९७ ची वेगळी योजना आहे, तिथे पाच गाड्यांवर काम भागतं. पर्यटनाच्या गावात बाईक भाड्याने देणारे पैशाला पासरी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

सेल्फ-ड्राइव्हच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. तुमच्याकडे आहेत त्या पिवळ्या पाटीच्या, काळ्या अक्षरांच्या. त्या ड्रायव्हरसकटच्या टॅक्सी झाल्या. त्या तशाच ग्राहकाच्या हातात देता येणार नाहीत. दहा गाड्यांवाल्याला रस्ता एकच, ५० ची अट पूर्ण करणाऱ्या परवानाधारकाच्या ताफ्यात गाड्या लावायच्या. आरसी, परवाना आणि विमा यातलं काय कोणाच्या नावावर राहणार हे आरटीओत जाऊन आधी विचारा, मगच करारावर सही करा. "कागद आमचे, गाड्या तुमच्या, बघू पुढचं पुढे" असं म्हणणारे भेटतील. पुढचं म्हणजे अपघात, आणि तेव्हा बघायला कोणी नसतं.

पांढऱ्या पाटीबद्दल. सगळे देतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. विनापरवाना व्यावसायिक वापर म्हणून कलम १९२-अ लागतं; पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड हा त्यातला किरकोळ भाग. खासगी पॉलिसीच्या 'वापराच्या मर्यादा' या रकान्यात भाड्याने देणं सरळ वगळलेलं असतं. गाडीचं नुकसान विमा कंपनी नाकारते. समोरच्याला इजा झाली तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. एका जीवघेण्या अपघाताची भरपाई दहा गाड्यांच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. खासगी गाडीच्या कर्जातही भाड्याने न देण्याची अट असते, ते वेगळंच.

व्यावसायिक पॉलिसी घेतानाही 'गाडी भाडेकरू स्वतः चालवणार' हे शेपूट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, जोडून घ्यायला विसरू नका. एजंट पुष्कळदा साधी टॅक्सीची पॉलिसी काढून मोकळा होतो. दुसरं शेपूट, भाडेकरूने गाडी परस्पर लांबवली तर काय, याचं. ते स्वतंत्र मागावं लागतं आणि हप्ता वाढतो. ते नसेल तर विमा कंपनी म्हणणार की चावी तुम्हीच हातात दिलीत, ही चोरी नव्हे, हा विश्वासघात. पोलिसांतही तक्रार बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली नोंदवली जाते, चोरीच्या ३०३ खाली नाही. तोच कागद पुढे दावा नाकारायला वापरला जातो.

ग्राहकाला बॅज (टॅक्सी चालकाचा बिल्ला) लागत नाही. हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो; ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनांना तो चालतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. मात्र व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला ताशी ८० चा वेग नियंत्रक येतो, हे बुकिंगच्या वेळीच ठळक सांगा. द्रुतगती मार्गावर "गाडी पळतच नाही, पिकअप गेलाय" असे फोन येतात आणि परत आल्यावर पैसे मागितले जातात.

हिशेबनीस

दराचं मी सांगतो. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघा. जीएसटी धरलेला नाही.

हॅचबॅक, रस्त्यावर आठ लाखांना पडली. ३६ महिन्यांनी सव्वाचार लाखांना विकली असं धरा. घसरण ३ लाख ७५ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १०,४००. कर्जाचं व्याज आणि स्वतःच्या अडकलेल्या पैशाचं व्याज मिळून ५,१००. विमा ३,५००. कर, परवाना, फिटनेस मिळून १,०००. पार्किंग १,५००. जीपीएस ३००. चावी देणारे, फोन घेणारे, धुणारे, यांचा पगार महिन्याला साठ हजार धरला तर दहा गाड्यांत गाडीमागे ६,०००. बेरीज २७,८००. गाडी जागेवर उभी राहिली तरी हे लागणारच.

गाडी बाहेर गेली की वरखर्च: दिवसाला सरासरी १६०-१७० किलोमीटर धरून देखभाल आणि टायरचे २००, धुलाईचे शंभरेक, वसूल न होणाऱ्या ओरखड्यांचे शंभर. म्हणजे दिवसाला ४००.

सरसकट १,८०० दर ठेवलात तर दिवसामागे १,४०० सुटतात, आणि २७,८०० भरून निघायला २० दिवस लागतात. तीसपैकी वीस. सोमवार ते गुरुवार पुण्यात भाड्याची गाडी मागणारे फार नसतात, त्यामुळे सरसकट दरात हा धंदा बसतच नाही.

आता दर तोडून बघा. शुक्रवार-शनिवार-रविवार २,४००, बाकी दिवस १,४००. महिन्यात असे बारा दिवस, दिवसाला २,००० सुटले तर २४,०००. उरलेल्या ३,८०० साठी आठवड्याच्या मधले चार दिवस पुरतात. वीसचे सोळा दिवस झाले. बारापैकी सगळे दिवस कधीच जात नाहीत, दहाच गेले तर मधले आठ दिवस विकावे लागतील, म्हणजे अठरा. म्हणून शुक्रवार हा सुट्टीच्या दरात गेला पाहिजे. पुष्कळ जण दर शनिवारी सकाळपासून वाढवतात आणि ग्राहक शुक्रवारी संध्याकाळी सातला स्वस्तात गाडी नेतो. शिवाय सुट्टीच्या दिवसांना किमान दोन दिवसांची अट घाला. शनिवारचा एकच दिवस विकलात तर शुक्रवार आणि रविवार दोन्ही तुटके उरतात.

आता खरी मेख. वरच्या यादीत सर्वांत मोठा आकडा घसरणीचा आहे, दराचा नाही. परत विकताना गाडी साडेतीन लाखांना गेली तर महिन्याला दोन हजारांवर भोक पडतं, म्हणजे मधले दोन दिवस जास्त विकावे लागतात, दर महिन्याला, तीन वर्षं. आणि काळ्या पाटीच्या गाडीला खासगी गाडीचा भाव येत नाही. म्हणून खरेदी करतानाच विक्रीचा विचार. पांढरा किंवा चंदेरी रंग, खालून दुसरं-तिसरं मॉडेल, ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात असं. वरचं मॉडेल घेऊन सनरूफचे पैसे परत येत नाहीत, उलट ते बिघडतं. सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच, आणि पुस्तकात प्रत्येक शिक्का. ८०-९० हजार किलोमीटरच्या आत विका. लाख ओलांडला की घेणारा आकडा ऐकूनच मागे सरतो.

प्राप्तिकरात भाड्याने चालवायच्या गाड्यांना ३० टक्के घसारा मिळतो, साध्या धंद्याच्या गाड्यांना १५. फायदा आहे, पण तो कर भरायची वेळ आली तर. आधी तिथवर पोचायचं.

चावीवाला

चावी देण्या-घेण्याचं माझ्याकडे. वादांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, देताना घाई. ग्राहक पहाटे पाचला महाबळेश्वरला निघायच्या तयारीत, अंधार, गाडी ओली, आणि आपला पोरगा मोबाईलवर चार फोटो काढून मोकळा. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. गाडी कोरडी आणि उजेडात असल्याशिवाय फोटोला अर्थ नाही. पहाटेच्या बुकिंगसाठी पार्किंगमध्ये दोन चांगल्या एलईडी ट्यूब लावा, त्या एका वादात वसूल होतात.

क्रम ठरलेला ठेवा. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने एक सलग व्हिडिओ, मध्ये न थांबता. मग सुटे फोटो: चारही रिम जवळून, पुढच्या बंपरची खालची कड वाकून, काच, टप, स्टेपनी-जॅक-पाना, आणि इंजिन चालू ठेवून डॅशबोर्ड, ज्यात किलोमीटर, इंधन आणि पेटलेले दिवे एकत्र दिसतील. ग्राहकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिथेच पाठवा आणि त्याच्याकडून "पाहिलं" एवढं उत्तर घ्या. परत घेताना हाच क्रम, ग्राहक समोर असताना. तो निघून गेल्यावर सापडलेला ओरखडा तुमचा, हे मनाशी धरूनच चाला.

बंपरची खालची कड आणि डाव्या बाजूचे रिम, या दोन जागी सर्वाधिक घासतं. फूटपाथ आणि शेतातल्या हॉटेलांचे उतार, दुसरं काही नाही.

टायरबद्दल ग्राहकाला आधीच सांगा. बाजूला कट गेला तर टायर फेकायचा, पंक्चर काढून चालत नाही. विमा नुसत्या टायरचे पैसे देत नाही. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तर निम्मे देतो. तसंच पाण्याचं. मुंबईत तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि ग्राहकाने पुन्हा स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच नसेल तर तो खर्च आपल्या बोडक्यावर. जूनच्या आधी प्रत्येक गाडीत स्टिअरिंगसमोर कागद चिकटवा: 'पाण्यात बंद पडली तर चालू करू नका, फोन करा.' डिझेल गाडीच्या टाकीच्या झाकणावर तसाच ठळक स्टिकर, कारण भाड्याच्या गाडीत उलटं इंधन भरलं जाणं नेहमीचं आहे. भरलं तरी चावी फिरवली नाही तर टाकी रिकामी करून निभावतं. फिरवली तर पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातं.

क्लच हा सेल्फ-ड्राइव्हचा खरा शत्रू. खंबाटकी, आंबा, आंबोली, कुठल्याही घाटात शनिवारी रांग लागली की नवखा चालक अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. वास येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि परत देताना वास गेलेला असतो. तपासायची रीत: हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत राहिलं तर घसरतोय. ही चाचणी देताना आणि घेताना, दोन्ही वेळा व्हिडिओत. तरीही क्लचचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत, कारण झीज किती आधीची आणि किती ग्राहकाची हे सिद्ध होत नाही. करारात 'जळालेला क्लच, किलोमीटरप्रमाणे वाटा' असं सूत्र लिहा. क्लचची उमर ६०,००० धरलीत आणि तो २०,००० वर जळाला तर दोन तृतीयांश ग्राहकाचे. सूत्र आधी दाखवलेलं असेल तर माणसं सहसा मानतात.

ई-चलान आरसीच्या नावावर येतं, तेही कधी दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी. द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसल्यापासून, तिकडून जाऊन आलेल्या गाडीची चलानं तपासल्याशिवाय हिशेब मिटवू नका. अनामत सगळी परत करून मग फोन करत बसलात तर फोन उचलला जात नाही. त्यातला दोनेक हजारांचा भाग पंधरा दिवस मागे ठेवायचा आणि ते बुकिंगच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं. गंभीर प्रकरणात पोलिसांनी विचारलं तर कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकाने सांगायलाच लागतं. तेव्हा करार, परवान्याची प्रत आणि वेळेचा फोटो हाताशी हवा.

फास्टॅगच्या पाकिटात प्रत्येक गाडीला किमान हजार रुपये. टॅग काळ्या यादीत गेला की नाक्यावर जादा टोल, आणि तो तुमच्याच माथी मारला जातो, बरोबरच आहे. टोलची नोंद कधीकधी उशिरा पडते, त्यामुळे परतीच्या क्षणी आलेला आकडा अंतिम मानू नका.

दोन बुकिंगांमध्ये किमान दोन तास मोकळे. सुट्टीच्या दिवशी तीन. एक गाडी उशिरा आली की मागच्या सगळ्या साखळीचा बोऱ्या वाजतो.

इंद्रायणी_टूर्स

हे हवं होतं. दोन उपप्रश्न. हिशेबनीस, मधले दिवस विकायचे ते कोणाला? आणि चावीवाले, गाडी नेऊन गहाण टाकतात असं ऐकतो, त्याला अटकाव काय?

हिशेबनीस

तीन गिऱ्हाइकं. पहिलं, महिन्याच्या करारावर: बदलीवर आलेले, प्रकल्पावर सहा महिन्यांसाठी आलेले, हिंजवडी-चाकणमधल्या कंपन्यांचे पाहुणे. महिन्याला २८,०००, दीड हजार किलोमीटर मोफत. वरखर्च दोन हजारांच्या आसपास, म्हणजे २६ सुटतात. २७,८०० पेक्षा कमी दिसतं, पण त्यातले सहा हजार पगाराचे होते आणि महिन्यातून एकदा चावी द्यायला तेवढा पगार लागत नाही. दहापैकी तीन गाड्या अशा बांधल्या की उरलेल्या सातांवर जोर लावता येतो. तीनपेक्षा जास्त बांधू नका. दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात दर चढतात तेव्हा गाड्या हाताशी हव्यात.

दुसरं गिऱ्हाईक गॅरेज. अपघाताची गाडी बॉडीशॉपमध्ये आठ-पंधरा दिवस पडून असते, आणि तेवढ्या दिवसांत मालकाला ऑफिस चुकत नाही. सर्व्हिस सल्लागाराशी ओळख, ठरलेला दर, गाडी गॅरेजच्या दारात आणून द्यायची. हे दिवस नेमके सोमवार ते शुक्रवारचे असतात.

तिसरं, लग्न. त्याबद्दल काय सांगायचं, फुलं, गुलाल आणि सीटवर बासुंदी. धुलाईचे वेगळे घ्या.

चावीवाला

गहाणाचा प्रकार खरा आहे. ढोबळ नमुना असा: गाडी दोन दिवसांसाठी नेली जाते, मग रोज फोनवर "अजून एक दिवस", भाडंही येतं. आठवड्याने भाडं थांबतं, फोन बंद. तोवर गाडी कुठल्यातरी गावात दीड-दोन लाखांना गहाण पडलेली असते आणि ज्याने ठेवून घेतली तो म्हणतो, माझे पैसे द्या आणि घेऊन जा.

अटकाव तीन ठिकाणी. आधी कागद: परवाना परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर स्वतः क्रमांक टाकून पडताळा, ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. परवान्यावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा एकच आहे ना ते बघा. बुकिंग एकाच्या नावावर आणि चावी घ्यायला भलताच, असं आलं की थांबा. पैसे त्याच्याच खात्यातून. परदेशातून आलेल्यांचा भारतीय परवाना संपलेला असणं फार होतं, तेव्हा तिकडच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना मागा.

मग यंत्र. एक जीपीएस डॅशबोर्डखाली, वायरीवर, जो काढणाऱ्याला सापडावा असाच. दुसरा स्वतःच्या बॅटरीवर, दिवसातून एक-दोनदाच ठिकाण सांगणारा, आणि तो कुठे बसवलाय हे बसवणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नसावं. पहिल्याची वीज तुटली की ताबडतोब फोन जायला हवा, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. इंजिन दुरून बंद करायची सोय घेतलीत तर ती पुन्हा स्टार्ट न होण्यापुरतीच ठेवा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो, आणि अपघात झाला तर तुम्ही आरोपी.

शेवटी मुदतवाढ. फोनवर मुदतवाढ द्यायचीच नाही. दोनपेक्षा जास्त वेळा वाढ मागितली तर गाडी आणून दाखवायची, नवे फोटो, नवा करार. ज्याचं काम खरं आहे तो कुरकुरत का होईना आणतो.

मिशिगनकर

मोठ्यांशी स्पर्धा या मुद्द्यावर थोडं इथलं. अमेरिकेत या धंद्याच्या दोन वाटा आहेत आणि हिशेबनीस जे गॅरेजचं म्हणतात ती त्यातली एक.

एक वाट विमानतळाची. एव्हिस कंपनीच्या वॉरन एव्हिस यांनी १९४६ साली डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर गाड्या ठेवल्या. हर्ट्झ वगैरे सगळ्या भाडेगाडी कंपन्यांचं युद्ध पुढे याच काउंटरवर झालं. दुसरी एंटरप्रायझची. जॅक टेलर यांनी १९५७ साली सेंट लुइसमध्ये सुरू केली आणि विमानतळ सोडून निवासी वस्तीत दुकानं काढली. गिऱ्हाईक कोण, तर ज्याची गाडी ठोकली गेली आहे किंवा गॅरेजमध्ये आहे आणि भाडं विमा कंपनी भरतेय असा माणूस. दर कमी, पण आठवड्याच्या मधले दिवस भरलेले, आणि विमानतळाचं महागडं भाडं नाही. एंटरप्रायझने पुढे २००७ साली अलामो आणि नॅशनल विकत घेतल्या, म्हणजे शेवटी विमानतळावरही आलीच, पण मजबूत होऊन.

घसरणीचा मुद्दा तर हर्ट्झने जगाला शिकवला. मे २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रवास थांबला हे एक, पण गाड्या तारण ठेवून घेतलेलं कर्ज होतं आणि जुन्या गाड्यांचे भाव पडले की सावकारांना फरक भरून द्यावा लागायचा. तो भरायला पैसे नव्हते. जून २०२१ मध्ये बाहेर आली, आणि ऑक्टोबरमध्ये एक लाख टेस्ला घेणार असं जाहीर केलं. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव उतरवले, त्याबरोबर हर्ट्झच्या उभ्या ताफ्याची किंमतही उतरली. ठोकलेल्या गाड्यांची दुरुस्तीही महाग पडत होती. जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि घसरणीचा सुमारे साडेचोवीस कोटी डॉलरचा फटका दाखवला. भाड्याचा दर कोणीही बघून ठरवतं. तीन वर्षांनी गाडीचं काय येणार ते ठरवणारा माणूस महाग असतो.

भारतात झूमकारने (२०१३ सालची, बंगळुरूची) स्वतःचा ताफा सोडून लोकांच्या गाड्या अ‍ॅपवर लावायची पद्धत धरली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंद झाली. त्या पद्धतीचा अर्थ एवढाच, की घसरण आणि कर्ज गाडीमालकाच्या अंगावर, दलाली अ‍ॅपला. अ‍ॅपवर दिसणारा दीड हजारांचा दर ज्याने लावलाय त्याने घसरण मोजली आहे का, हे आधी बघा. न मोजणाऱ्याशी दरात स्पर्धा करून तुम्ही हरणारच.

परवानावही

अनुमोदन. आणि दलाली व वरखर्च कापून हातात किती येतं ते हिशेबनीसांच्या दिवसामागे सुटणाऱ्या १,४०० च्या जागी घालून बघा, म्हणजे अ‍ॅपवर किती गाड्या लावायच्या ते कळेल.

मडगावकर

गोव्यातून दोन-तीन गोष्टी, पुण्याच्या गाड्या इकडे येतातच म्हणून.

परत आलेल्या गाडीचं पायदान उचला आणि दाराच्या खालच्या पट्टीत बोट फिरवा. बारीक वाळू आणि ओलसर चिकटपणा असेल तर गाडी किनाऱ्यावर नेली होती. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, पकडली तर गाडी अडकते, आणि नाही पकडली तरी खारं पाणी ब्रेकच्या भागांत आणि खालच्या सांध्यांत शिरतं. त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मारा. आठवडाभर तशीच राहिली तर गंज धरतो आणि मागचे ब्रेक अडकायला लागतात.

जांभ्याची तांबडी माती सीटच्या कापडातून निघत नाही. फिकट कापडाच्या सीट घेऊच नका, काळी रेक्झिनची कव्हरं घाला.

विमानतळावर गाडी पोचवत असाल तर बुकिंगमध्ये 'गोवा विमानतळ' असं लिहून भागत नाही. दाबोळी आणि मोपा ही दोन टोकं आहेत, मध्ये तास-दीड तासाचा रस्ता. तिकिटावरचा संकेत विचारा, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. ग्राहकालाही ठाऊक नसतं कधीकधी.

एक मतभेद. हिशेबनीस खालचं मॉडेल घ्या म्हणतात, पण इथे ऑटोमॅटिकला दिवसाला तीन-चारशे जास्त मिळतात आणि परदेशी, मुंबईकर दोघंही तीच मागतात. क्लचचं रडगाणंही कमी.

हिशेबनीस

ऑटोमॅटिक चालेल, पण कुठलं ते बघून. स्वस्तातल्या एएमटीमध्ये क्लच असतोच, फक्त पाय माणसाचा नसतो. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तोही जळतो, आणि दुरुस्ती मॅन्युअलपेक्षा महाग. टॉर्क कन्व्हर्टरवाली टिकाऊ, पण पेट्रोल जास्त पिते. ते ग्राहक भरतो म्हणून चालतं. दहात दोन ठेवा, बघा किती फिरतात.

इंद्रायणी_टूर्स

बरंच स्पष्ट झालं. परवानाधारकाशी बोलणी सुरू करतो. चावीवाले, एकच राहिलं, उशिरा परत आणणाऱ्याला काय लावता? तासाला ठरलेली रक्कम लिहिली की लोक ते भाडंच समजतात आणि खुशाल उशीर करतात.

चावीवाला

म्हणूनच रक्कम दराच्या पटीत ठेवायची. पहिली तीस मिनिटं काही नाही, रस्त्यात अडकू शकतो माणूस. तीस मिनिटांपुढे तासाला दिवसाच्या दराचा आठवा भाग, म्हणजे २,४०० च्या गाडीला ३००. तीन तासांच्या पुढे पूर्ण दिवस. पण मुदत संपायच्या चार तास आधी कळवलं, आणि पुढचं बुकिंग नसेल किंवा दुसऱ्या गाडीवर हलवता येत असेल, तर नेहमीचाच दर. त्या चार तासांत पुढच्या ग्राहकाला दुसरी गाडी देता येते, ते शक्य होण्यासाठीच ही सवलत. आणि मुदतीच्या दोन तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण आपणहून पाठवा, त्यात परतीची वेळ, पार्किंगचं लोकेशन आणि इंधन कितीपर्यंत भरून आणायचं ते. उशीर होणार असेल तर तिथेच कळतं आणि पार्किंगमध्ये हुज्जत घालायची वेळ येत नाही.